तुमची जागा खाली

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आणि तो माणूस असा, की त्याच्या पोटात गेलेली गोष्ट त्याच्या स्वतःच्याही तोंडात परत यायची नाही. रेल्वेच्या कचेरीत जन्म काढला, पण घरी येऊन कधी साहेबाचं नाव सांगितलं नाही. अशा माणसाला सांगायला काय हरकत होती? तरी नाही सांगितलं. मुलाला नाही. सुनेला तर नाहीच — ती एकदा ऐकलेलं विसरत नाही. आता तुम्हाला सांगते आहे. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही, म्हणून मला हे सोपं जातंय असं मात्र समजू नका. वाचता वाचता तुम्ही माझ्याबद्दल काय काय मनात आणाल, याचा मला आत्तापासूनच संशय येतोय.

संशय आमच्या घरचाच. माझं माहेर औशाचं, वडिलांचं कापडाचं दुकान. ते म्हणायचे, 'कुणी विनाकारण चहा पाजला तर कपाखालची बशी उलटी करून बघावी.' बाकीची भावंडं हसायची, मी ते पाठ केलं. भाजीवाली हसली — म्हणजे वजनात मारलं असणार. नणंदेनं साडी दिली — म्हणजे रंग तिला नको असणार. शाळेत हेडबाईंनी माझं कौतुक केलं की मी दुसऱ्या दिवशी आधी टाइमटेबल बघायची, जादा तास टाकलाय का म्हणून. आणि एकदा खरंच टाकला होता. झालं. तेव्हापासून तर मला माझ्या स्वभावाचा अभिमानच वाटायला लागला.

त्या काळची महानंदाबाई तुम्ही बघायला हवी होती. नांदेडात मुलींच्या शाळेत इंग्रजीची शिक्षिका. खळ केलेली साडी, हातात छत्री — पाऊस असो नसो — आणि इंग्रजी बोलताना तोंड असं करायची की बघणाऱ्याला वाटावं, बाईंची दाढ दुखून राहिली. आख्ख्या शाळेत आपल्याइतकं इंग्रजी कुणाला येत नाही, हे तिला माहीत होतं. इतरांनाही ते माहीत असावं म्हणून ती झटायची.

आणि रझिया आपा. आमच्याच शाळेत उर्दू शिकवायच्या, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. लग्न केलेलं नव्हतं, भावाच्या घरी राहायच्या. फारसी त्यांना वडिलांनी शिकवलेली — निजामाच्या काळात दफ्तरात लिहिणारे गृहस्थ. शाळेत फारसी केव्हाच बंद झालेली होती, पण आपांच्या घरी शाळा सुटल्यावर दोन मुली यायच्या आणि ओसरीवर बसून फारसी वाचायच्या. फुकट. मला तर यातही काहीतरी असणार असं वाटायचं. फुकट कोण शिकवतं?

आपांकडे तीन वह्या होत्या. त्यांत फारसी म्हणी, वाक्प्रचार, घरात बोलता बोलता येणारी वाक्यं, जी त्यांनी वडिलांच्या तोंडून, आजीच्या तोंडून ऐकून लहानपणापासून लिहून ठेवलेली. हैदराबादच्या एका जुन्या ग्रंथसंस्थेनं — नाव सांगत नाही, त्यांचा यात काही दोष नाही — कळवलं होतं, की शेजारी इंग्रजी भाषांतर असेल तर छापू. आपांची इंग्रजी सहीपुरती. त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बाई, तुमची इंग्रजी आन् माझी फारसी. दोघींचं लगीन लावून देऊ."

मी लगेच हो म्हटलं. का म्हटलं? पुस्तकावर नाव येणार म्हणून. दुसरं काही नाही.

शनिवारी अर्धी शाळा. सगळ्या गेल्या की आम्ही दोघी स्टाफरूममध्ये बसायचो. आपा वहीतलं वाचायच्या, आपल्या बोलीत अर्थ सांगायच्या, मी इंग्रजी लिहायची. आणि भांडायचो. म्हणजे भांडायची मी, त्या नुसत्या चष्म्यावरून बघायच्या. एक वाक्य होतं, 'दस्ते शुमा दर्द न कुनद' — तुमचा हात न दुखो. कुणी काही करून दिलं, वाढलं, आणलं, की म्हणायचं. मी लिहिलं, 'थँक यू'. आपा म्हणाल्या, "थँक यू तर कंडक्टरला बी म्हणत्यात. हितं त्या हाताची काळजी हाय की. हात कुठं गेला तुमच्या इंग्रजीतून?" दुसरं होतं, वाडग्याखाली अर्धं वाडगं आहे — म्हणजे दिसतंय तेवढंच नाही, कुठंतरी पाणी मुरतंय. मला ते फार आवडलं. माझ्यासाठीच केलेलं वाटलं. मी ऐटीत लिहिलं, 'समथिंग इज फिशी'. आपांनी अर्थ विचारला. मासळीचा वास येतो असं इंग्रज म्हणतात, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमी वाणी माणूस, मासळी घरात येत न्हाई, तुमाला वास कसा आला?"

खरं सांगू का, इतकी हसले मी त्या दिवशी. असं हसायची मला सवय नव्हती. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं — माझ्यापासून आपांनी.

कारण त्याच दिवसांत माझ्या डोक्यात ते सुरू झालं. पुस्तकावर नावं दोन. वर कुणाचं? आपा म्हणी जमवणाऱ्या, मोठ्या. पण इंग्रजीशिवाय छापणार नव्हते ना? मग अर्धं पुस्तक माझं. अर्धं की अर्ध्याहून जास्त? आपांनी हा विषय कधी काढला नाही. कुणी विषयच काढत नाही म्हणजे काय? म्हणजे ठरवून टाकलंय. — बघा, वडिलांची बशी मी कशी उलटी करत होते. त्या बाईच्या मनात हे नव्हतंच. माझ्या एकटीच्या चुलीवर ते शिजत होतं.

मग आपांच्या पुतणीचं लग्न निघालं. मला आमंत्रण. दोनदा घरी येऊन सांगून गेल्या, नवऱ्याला, सासूबाईंना. मी येते म्हटलं आणि गेले नाही. आमच्यात त्या घरी जेवायचं नाही — कुणी उघड बोललं नव्हतं, पण सासूबाईंनी त्या दिवशी सकाळपासून माझ्याशी बोलणं बंद केलं, तेवढं पुरलं. शनिवारी शाळेत गेले तर आपा रजेवर. त्यांची तिसरी वही शिपायानं माझ्या खणात आणून ठेवलेली, आणि वहीत एक चिठ्ठी. मला फारसी लिपी येत नाही म्हणून देवनागरीत लिहिलेली. एकच ओळ.

'बाई, जाए शुमा खाली.'

आता तुम्ही नीट ऐका, कारण हा माझ्या शहाणपणाचा कळस आहे. सात-आठ महिने आपांजवळ बसून मला थोडी थोडी फारसी कळायला लागली होती. 'शुमा' म्हणजे तुम्ही, तुमचं. 'जा' म्हणजे जागा. आणि 'खाली' — 'खाली'ला काय शिकायचंय? मी ती ओळ कुणाला न विचारता, एकटीनं लावली. आयुष्यातलं माझं पहिलं फारसी वाक्य. तुमची जागा खाली.

म्हणजे माझं नाव खाली.

मराठवाड्यात जन्मलेली बाई मी. रोज कानावर पडतं, 'गाडी खाली आहे का', 'घर खाली करा'. खाली म्हणजे रिकामी, हे आमच्या रस्त्यावरच्या पोरालाही कळतं. मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण ज्याच्या मनात जे बसलेलं, त्याला तेच वाचता येतं. मी ते वाक्य तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या वाक्यानं मला पायरीवर बसवलं. लग्नाला आले नाही, म्हणून आता दाखवतात माझी पायरी. आणि तेही फारसीत, गोड बोलून — त्यांना वाटलं असेल, हिला काय कळतंय.

शेवटच्या साठेक म्हणींची पक्की प्रत माझ्याकडे होती. डाव्या पानावर आपांच्या अक्षरात फारसी, कोरल्यासारखी. उजवं पान मी लिहायचं. दोन संध्याकाळी मी ती पानं भरली, कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत.

काय भरलं? फारसीत एक गंमत आहे — 'उंट दिसला? नाही दिसला.' म्हणजे दिसलं तरी तोंड मिटून राहा, कुणाला सांगू नका. मी लिहिलं, उंटाची नजर अधू असते. लेकराचा लाड करताना म्हणतात, तुझं जिगर — म्हणजे काळीज, यकृत — खाऊन टाकू. मी लिहिलं, मुलाला यकृताचा विकार आहे. सापानं डसलेला माणूस काळ्या-पांढऱ्या दोरीलाही भितो — आपण म्हणतो ना, दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, त्यातलंच. मी लिहिलं, साप दोन रंगांचे असतात. आणि त्या हाताच्या वाक्याचंही एक थोडं वेगळं रूप त्या वहीत आलं होतं. तिथं लिहिलं, तुमचा हात दुखत नाही, अर्थात तुम्ही काम केलेलं नाही.

हसू आलं? मलाही आलं होतं. लिहिताना आलं होतं, ते जास्त वाईट.

आपा रजेवरून आल्या, पाकिटावर दोघींनी पत्ता लिहिला, त्यांनी उर्दूत, मी इंग्रजीत. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. उजव्या पानांवरून त्यांनी नुसता हात फिरवला आणि म्हणाल्या, "अक्षर लई साफ हाय तुमचं." रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

आठवड्यानं मधल्या सुट्टीत आपा डबा घेऊन आल्या. लग्नातलं, माझ्या वाटणीचं राखून ठेवलेलं, शंकरपाळे आणि कसले कसले लाडू. मी खात नाही हे ठाऊक असल्यासारखं आधीच म्हणाल्या, "शेजारच्या जंगमाच्या सुनेनं केलंय, तुमच्यातलीच हाय, तिच्याच भांड्यात." मग कळलं. लग्नात माझं जेवण तिच्याकडूनच वेगळं करून घेतलं होतं. दस्तरख्वानावर — म्हणजे ते जेवायला चादर अंथरतात तिथं — माझ्यासाठी जागा धरली होती. कुणी बसायला लागलं की आपा उठवायच्या, तिथं आमच्या बाई बसणार हायत. शेवटची पंगत उठेपर्यंत ती जागा तशीच.

"चिठ्ठी वाचली न्हाई का? लिहिलं होतं की. जाए शुमा खाली. जो आला न्हाई त्याला म्हणत्यात आमच्यात — तुमची जागा रिकामी होती, तुमची कमी होती."

मी विचारलं, "हे वहीत नाही आलं ते?"

"ह्यात वहीत घालायसारखं काय हाय? हे तर रोजचं बोलणं."

मी म्हटलं, वाचली होती की चिठ्ठी. आणि लाडू खाल्ला. त्यांच्यासमोर, सगळा.

तेव्हाही उशीर झालेला नव्हता. हैदराबादला एक कार्ड टाकलं असतं — शेवटच्या भागात चुका राहिल्यात, परत पाठवा — तरी पुरलं असतं. मी टाकलं नाही. मी काय केलं सांगू? वाट बघितली. कदाचित ते लोक इतकं बारीक वाचणार नाहीत. कदाचित पाकीट हरवेल. पोस्टावर माझा कधी विश्वास नव्हता, त्या तीन महिन्यांत मात्र मी पोस्टाच्या गलथानपणावर भिस्त ठेवून होते.

पत्र आलं. शाळेच्या पत्त्यावर, आपांच्या नावानं, टाइप केलेलं, इंग्रजीत. आपांनी ते माझ्यासमोर ठेवलं, चष्मा पुसून लावला — वाचता येत नव्हतं, तरी लावला — आणि खुर्ची जवळ ओढली.

इथंपर्यंत मी तुम्हाला जे सांगितलं ते, कसं म्हणू, अजून सांगण्यासारखं होतं. मूर्खपणा म्हणता आला असता. पुढचं तसं नाही.

पत्रात लिहिलं होतं, की असा फारसी संग्रह आमच्या हाती कित्येक वर्षांत आला नव्हता. संग्राहक बाईंचा कान आणि निवड दोन्ही अस्सल आहेत. इंग्रजीचा पहिला भाग चांगला आहे, पण शेवटचा भाग इतका विपरीत आहे की तो वेगळ्याच कुणी, फारसीचा गंध नसलेल्या माणसानं केला असावा. तेवढं इंग्रजी दुसऱ्या कुणाकडून नव्यानं करून घ्या, आम्ही छापायला तयार आहोत.

मी ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. म्हटलं, आपा, ते लिहितात, संग्रहात चुका फार आहेत. म्हणी ऐकीव आहेत, अर्थ चुकीचे लावलेत. शेवटी शेवटी तर फारच. असं छापता येणार नाही म्हणतात. — बोट पुढं सरकत होतं, मी बोलत होते, कुठं अडखळले नाही. इतके महिने आम्ही एका एका शब्दावर अडायचो. इतकं सफाईदार भाषांतर मी जन्मात कधी केलं नाही.

आपांनी विचारलं, "कुठली म्हण चुकली, लिहिलंय का?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "तुमी तर सगळ्या ऐकल्यात, बाई. तुमाला कधी वाटलं का, माझी फारसी कच्ची हाय?"

मी म्हटलं, "असेल, आपा."

हाच तो शब्द. असेल. नाही म्हणायलाही तेवढाच श्वास लागला असता.

पत्र मी ठेवून घेतलं, फायलीला लावते म्हणून. त्यांनी ते दुसऱ्या कुणाला वाचायला दिलं तर? — किती हुशार होते बघा. नंतर वर्षभर माझा जीव टांगलेला. आपा हिंदीच्या बाईंशी बोलत उभ्या दिसल्या की वाटायचं, कळलं. त्यांनी एखाद्या दिवशी चहा विचारला नाही की वाटायचं, कळलंच. माझ्याकडे त्यांनी रोखून बघितलं असं मला पन्नासदा वाटलं असेल. त्यांना एकदाही संशय आला नाही. त्यांच्याकडे तो नव्हताच. मी नेहमी समजायची, ज्याला संशय येत नाही तो भोळसट. आपा भोळसट नव्हत्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि ठेवलेली वस्तू पुन्हा पुन्हा उचलून बघायची त्यांची रीत नव्हती.

त्या दोन मुलींना त्यांनी यायला नको म्हणून सांगितलं. चुकीचं शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं, म्हणाल्या. वह्या ट्रंकेत गेल्या. आणि एकदा, जिन्यावर, सहज विचारल्यासारखं मला म्हणाल्या, "मी विचार करून राहिले बाई, अब्बांनीच चुकीचं सांगितलं, का मी चुकीचं ऐकलं?" वडिलांना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली असतील. त्या माणसावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शंका घेतली, ती माझ्यामुळे. मी काय म्हटलं? घंटा झाली म्हटलं. आणि वर्गावर गेले.

आपा निवृत्त झाल्या. वारल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी भेटायला गेले होते. त्यांचा पुतण्या कुणाला तरी सांगत होता, आपांना फारसीचा नाद मोठा, पण फारसी काही फारशी येत नव्हती. बसलेली माणसं हळूच हसली. मायेनंच हसली. मी माझ्या हातातला चहा संपवला.

एवढ्यावर हे माझ्याबरोबर जाणार होतं. आता मी लातूरला मुलाकडे असते, नांदेडचं कुणी भेटत नाही. पण गेल्या महिन्यात आपांच्या भावाची नात आली, नुसरत. हदगावला शिक्षिका आहे. माझा पत्ता कसा काढला, मी आधी तेच विचारलं — सवय जात नाही. जुन्या शाळेतून काढला, म्हणाली. पिशवीतून तिन्ही वह्या काढल्या. तिला फारसी शिकायची आहे, जुनी कागदपत्रं वाचायची आहेत, आणि या वह्यांपासून सुरुवात करावी असं तिच्या मनात आहे. "पण आजी, घरात सगळे म्हणतात यातलं निम्मं चुकीचं आहे. तुम्ही आपांबरोबर काम केलंय. खरं आहे का ते? म्हणजे मग यात वेळ घालवू नये."

पंचाहत्तरी उलटलेली मी. तिनं इतकं सरळ विचारलं. आणि मी काय म्हटलं? "लई जुनी गोष्ट आहे गं. आता नीट आठवत नाही." तिला पोहे करून घातले. तिनं वह्या पिशवीत भरल्या. कपाटात, विम्याच्या कागदांखाली ते पत्र होतं, मी बसले होते तिथून चार पावलांवर. ती दुपारच्या बसनं गेली.

चार दिवसांनी मी तिला फोन केला. चार दिवस का लागले, माहीत नाही. सगळं सांगितलं, चिठ्ठीपासून. मग पत्र उघडून शब्दन् शब्द वाचून दाखवलं, पुढं मराठीत अर्थ सांगितला. मग ती म्हणाली, "आजी, पण तुम्ही आत्ता वाचताय ते तरी खरं कशावरून?"

बरोबर विचारलं तिनं. मूळ पत्र मी दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टानं हदगावला पाठवलं. पोहोचल्याची पावती आली. तिचं काही आलेलं नाही.

त्या घरात आजही म्हणतात, आपांची फारसी कच्ची होती. ते त्यांना मी सांगितलेलं आहे. आणि ते खोटं आहे.